घरापासून आठ दिवस दूर

मे महिना आला की आपल्याकडे शिबिरांचे दिवस सुरू होतात. पोहण्याचे शिबिर, नाट्यशिबिर, संस्कार शिबिर, गिर्यारोहणाचे शिबिर अशा पाट्या चौकाचौकांत लागतात. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून शिबिरांची एक परंपराच महाराष्ट्रात रुजवली. मशिदींतून याच सुट्टीत मुलांसाठी दीनी तालीमचे वर्ग भरतात. आणि याच दिवसांत ख्रिस्ती मुलामुलींची शिबिरेही होतात. कुणी वळकटी बांधून घाटावर जाते, कुणी नदीकाठी, तर कुणी चर्चच्याच आवारात राहते. मात्र या शिबिरांविषयी बाहेरच्या माणसांना फार थोडे ठाऊक असते. माहिती नसली की तिच्या जागी समजुती येऊन बसतात. इथे अशा दोन समजुती आहेत. एक म्हणजे, ही नुसती सहल आहे, सोबत थोडी प्रार्थना. दुसरी म्हणजे, हा धर्मांतराचा उद्योग आहे. या दोन्ही समजुती बाजूला ठेवून बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचे ख्रिस्ती उन्हाळी शिबिर म्हणजे नेमके काय, ते आले कुठून, तिथे काय घडते आणि त्यात काय सांभाळावे लागते, हे आज पाहू.

ही कल्पना दीडशे वर्षांहून फारशी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत कारखाने वाढले, माणसे शहरांत आली आणि शाळांच्या लांब सुट्ट्यांत शहरातल्या मुलांचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. काही शिक्षकांना आणि धर्मोपदेशकांना वाटले, की या मुलांना रान, पाणी आणि मोकळे आकाश दाखवले पाहिजे. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात शाळा चालवणारे फ्रेडरिक गन हे गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. १८६१ साली ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेले आणि तिथे तंबू ठोकून राहिले. तिकडच्या संघटित शिबिरांची सुरुवात इथून धरतात. १८८० साली जॉर्ज हिंकली या धर्मोपदेशकांनी ऱ्होड आयलंड राज्यात आपल्या चर्चमधल्या मुलांना एका बेटावर नेले. चर्चने भरवलेले पहिले शिबिर म्हणून त्याचा उल्लेख होतो.

यानंतरचे नाव समनर डडली यांचे. हे गृहस्थ वाय.एम.सी.ए.चे कार्यकर्ते. ही संस्था १८४४ मध्ये लंडनला जॉर्ज विल्यम्स नावाच्या, कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या तरुणाने आपल्यासारख्याच नोकरदार पोरांसाठी काढली होती. मुंबईत तिची शाखा १८७५ मध्ये निघाली. डडली यांनी १८८५ च्या उन्हाळ्यात सात मुलांना न्यूयॉर्क राज्यातल्या एका तळ्याकाठी नेले. पुढे हे शिबिर शँप्लेन सरोवराच्या काठी गेले. १८९७ मध्ये डडली वारले आणि शिबिराला त्यांचे नाव मिळाले. ते आजही भरते. त्याच्या ब्रीदवाक्याचा अर्थ एवढाच, की आधी दुसऱ्याचे पाहा.

इंग्लंडकडचा झरा थोडा वेगळा आहे. १८६८ साली वेल्समधल्या लॅन्डडनो या समुद्रकाठच्या गावी जोसाया स्पायर्स नावाचे गृहस्थ सुट्टीला गेले होते. त्यांनी वाळूवर देवाच्या प्रेमाविषयीचे तीन शब्द मोठ्या अक्षरांत कोरले आणि किनाऱ्यावर खेळणाऱ्या मुलांना ती अक्षरे गोटे आणि समुद्रशेवाळाने सजवायला सांगितली. मुले रमली. मग त्यांनी गोष्ट सांगितली. मोठ्यांच्या लांबलचक प्रवचनात मुलांना कोंबून बसवण्याच्या त्या काळात ही गोष्ट नवी होती. यातूनच मुलांसाठी काम करणारी एक स्वतंत्र चळवळ उभी राहिली आणि १८९६ मध्ये तिचे काम भारतातही सुरू झाले. ग्लासगोच्या विल्यम स्मिथ यांनी १८८३ मध्ये बॉइज ब्रिगेड काढली आणि १८८६ पासून ते मुलांना सुट्टीत तंबूंत नेऊ लागले. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर जे पहिले प्रायोगिक शिबिर भरवले, त्यात या ब्रिगेडची मुले होती. म्हणजे आपल्या शाळेतल्या स्काउटची राहुटी ही या ख्रिस्ती शिबिराची चुलतबहीणच आहे.

याच घराण्यातला आणखी एक प्रकार आपल्याकडे अधिक दिसतो. सकाळी दोन-तीन तास चालणारी सुट्टीतली बायबल शाळा. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे व्ही.बी.एस. म्हणतात. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत एलायझा हॉज या बाईंनी, जागा मिळेना म्हणून, चक्क बिअर विकण्याचा एक हॉल भाड्याने घेऊन अशी शाळा भरवली होती. आज केरळपासून नगर-सोलापूरपर्यंत अनेक चर्चमध्ये मे महिन्यात या शाळा भरतात. पण ती शाळा लहानांची, आणि दुपारी मूल घरी जेवायला येते. बारा-तेरा वर्षांनंतरचे शिबिर निराळे असते, कारण त्यात रात्री घर नसते. शिबिराची सगळी किमया आणि सगळी जबाबदारी या एका गोष्टीत आहे.

तिथला दिवस कसा जातो? पंथाप्रमाणे तपशील बदलतात, पण सांगाडा बहुतेक सारखाच. पहाटे घंटा होते. तोंड धुऊन प्रत्येकाने एकट्याने थोडा वेळ बसायचे, बायबलमधला नेमून दिलेला उतारा वाचायचा आणि मनात येईल ते वहीत लिहायचे. कॅथलिक शिबिरात सकाळी किंवा संध्याकाळी मिस्सा असतो, प्रॉटेस्टंटांकडे पाळकांचे छोटे प्रवचन. मग गट. आठ-दहा मुलांचा एक गट आणि त्याला एक गटप्रमुख, बहुधा कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा मुलगी. मुलींचे गट आणि मुक्काम वेगळे. गटात सकाळच्या उताऱ्यावर बोलणे होते. दुपारी आराम, हस्तकला, नाटुकल्यांची तालीम. ऊन उतरले की खेळ. त्यातले दोन खेळ तर याच चळवळीची देणगी आहेत. बास्केटबॉल १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी वाय.एम.सी.ए.च्या शिक्षकांच्या शाळेत शोधून काढला आणि व्हॉलीबॉल १८९५ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी वाय.एम.सी.ए.च्याच एका शाखेत. आपल्या खेड्यापाड्यांतल्या मैदानावर व्हॉलीबॉलची जाळी बांधणाऱ्या पोरांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण ते खरे आहे.

या दिवसात कामाच्या पाळ्या असतात, त्यांच्याकडे मात्र माझे विशेष लक्ष जाते. आज या गटाने वाढायचे, त्या गटाने भांडी घासायची, तिसऱ्याने न्हाणीघर झाडायचे. घरात पाण्याचा पेलासुद्धा आईच्या हातून घेणारा मुलगा इथे पन्नास ताटे घासतो. जवळच्या राहुटीत शहरातल्या डॉक्टरांचा मुलगा आणि साखर कारखान्यावरच्या कामगाराचा मुलगा शेजारी शेजारी सतरंजी टाकतात. धर्म शिकवण्याचे तास वेगळे असतात हे खरे, पण धर्माचा खरा धडा पुष्कळदा मोरीवर मिळतो. आणि मोबाइल जवळ नसतो. पूर्वी हा नियम करावाच लागत नसे. आता तो पहिला नियम झाला आहे. पहिले दोन दिवस मुले कासावीस होतात, आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोलू लागतात.

रात्री शेकोटी आणि गाणी. मी कवितेचा माणूस, म्हणून या गाण्यांविषयी थोडे सांगतो. जगभरच्या शिबिरांत ओळखीचे झालेले एक गाणे म्हणजे 'कुंबया'. हा शब्द ऐकून पुष्कळांना ते आफ्रिकेतले गाणे वाटते. प्रत्यक्षात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांची ती प्रार्थना आहे. देवाला 'इकडे ये' म्हणून घातलेल्या सादेचा त्यांच्या बोलीतला उच्चार म्हणजे हा शब्द. रॉबर्ट गॉर्डन या संग्राहकाने १९२६ मध्ये जॉर्जिया राज्यात तिचे ध्वनिमुद्रण केले होते. १९५७ मध्ये फोकस्मिथ्स नावाच्या विद्यार्थ्यांच्या चमूने उन्हाळी शिबिरांतून फिरून हे गाणे शिकवले आणि ते गोऱ्या मुलांच्या शेकोटीपर्यंत पोचले. गुलामांच्या नातवंडांची हाक, गुलाम बाळगणाऱ्यांची पतवंडे गाऊ लागली. गाण्याला असा प्रवास करता येतो, आणि गाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

मराठी शिबिराला अशी उसनवारी फारशी करावी लागत नाही, आणि त्याचे श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आहे. टिळक १८६१ साली जन्मले, १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, त्यांचे घर झाले. त्या घरात बालकवी ठोंबरे राहून गेले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे ते घर मराठी वाचकाला आपल्याच नात्यातले वाटते. 'फुलामुलांचे कवी' म्हणून आपण टिळकांना शाळेत वाचतो, पण त्यांनी आणखी एक मोठे काम केले. इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या सोबतीला त्यांनी अभंगाच्या आणि ओवीच्या वळणाची ख्रिस्ती भजने आणली. 'उपासना संगीत' या पुस्तकातून ती आजही गायली जातात. त्यामुळे मराठी ख्रिस्ती मुलांच्या शेकोटीभोवती गिटारीबरोबर ढोलकी वाजते, टाळ वाजतात. दूर उभा राहून ऐकणारा माणूस पहिली दोन मिनिटे हे कीर्तन आहे असेच समजेल.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हे शिबिर नेमके बारा ते पंधरा या वयासाठी का? प्रत्येक धर्माने या वयाच्या आसपास एक उंबरठा घातलेला आहे. कुठे मुंज आहे. आमच्याकडे मुलाने पहिला पूर्ण रोजा धरला की घरात त्याचे कौतुक होते. ख्रिस्ती पंथांपैकी जे तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात, त्यांच्यात बहुधा याच सुमारास दृढीकरणाचा विधी होतो. आईबापांनी तुझ्या वतीने दिलेला शब्द आता तू स्वतःच्या तोंडाने दे, असा त्याचा अर्थ. जे पंथ तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, तेही साधारण याच वयापासून मुलाच्या स्वतःच्या निर्णयाची वाट पाहू लागतात. वारशाने मिळालेली गोष्ट आपली करायची की नाही, हे ठरवण्याचे हे वय आहे. एडविन स्टारबक या मानसशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये प्रश्नावल्या पाठवून या विषयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. धार्मिक मनःपरिवर्तन जवळजवळ सगळे दहा ते पंचवीस या वर्षांतच घडते, असे त्याला आढळले होते.

शिबिर चालवणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक होतेच. म्हणूनच शिबिराच्या पोटात पहिल्यापासून दोन विचार एकत्र नांदत आले आहेत. एक विचार म्हणतो, मुलाला एका क्षणी हलवून जागे केले पाहिजे. त्याने उभे राहून 'मी विश्वास ठेवतो' असे म्हटले पाहिजे. दुसरा विचार कनेक्टिकटचेच धर्मोपदेशक होरेस बुशनेल यांनी १८४७ मध्ये मांडला आणि १८६१ मध्ये विस्ताराने ग्रंथरूप केला. मूल चांगल्या घरात श्रद्धेसह हळूहळू वाढावे. आपण कधी श्रद्धावान झालो हा दिवस त्याला आठवूच नये, इतके ते सहज व्हावे, असे त्यांचे म्हणणे. पहिला विचार विजेसारखा आणि दुसरा पेरणीसारखा. बहुतेक शिबिरांत दिवसा पेरणी चालते आणि शेवटच्या रात्री वीज पाडण्याचा मोह होतो.

ही शेवटची रात्र समजून घेतली पाहिजे. आठवडाभराची जवळीक, जागरण, शेकोटीचा उजेड, हळू आवाजातली गाणी आणि उद्या निरोप. अशा वेळी कुणी एखादा उभा राहून रडत रडत आपली साक्ष देतो, मग दुसरा, मग तिसरी. जो बसून राहतो त्यालाच चुकल्यासारखे वाटू लागते. २००६ मध्ये हायडी यूइंग आणि रेचल ग्रेडी यांनी 'जीझस कॅम्प' हा अनुबोधपट काढला. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या एका शिबिरात लहान मुले हमसून हमसून रडताना त्यात दिसतात. त्यावर खुद्द ख्रिस्ती लोकांतच मोठी चर्चा झाली. तेरा वर्षांच्या मुलाचे रडणे खोटे नसते. पण ते कशामुळे आले, देवामुळे की शेजारी रडतोय म्हणून, हे त्याला त्या रात्री कळत नाही. महिन्याभराने कळते, आणि तेव्हा फसवले गेल्याची भावना झाली, तर ते मूल शिबिरापासूनच नव्हे, तर श्रद्धेपासूनही दूर जाते.

यावरचा उपाय मी एका शिबिरात पाहिला आहे. नगर जिल्ह्यातल्या एका गावी मुलांशी कवितेविषयी बोलायला मला बोलावले होते. तिथे एक प्रश्नपेटी ठेवली होती. नाव न घालता चिठ्ठी टाकायची, रात्री पाळक ती वाचून उत्तर देणार. त्या रात्री एक चिठ्ठी निघाली. 'देव आहे हे मला पटत नाही. मी घरी जाऊ का?' मुले एकदम गप्प झाली. पाळकांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाले, 'जाऊ नकोस, बाळा. इथे राहायला देव पटलाच पाहिजे अशी अट नाही. उद्याची भांडी घासायची पाळी मात्र चुकणार नाही.' मुले हसली, आणि पाळकांनी चिठ्ठी कुणाची हे शोधायचा प्रयत्नही केला नाही. मला वाटते, त्या आठवड्यातले सगळ्यांत चांगले प्रवचन तेच असावे. ज्या शिबिरात 'नाही' म्हणता येते, तिथल्या 'हो'ला किंमत असते.

यात टिळकांची आठवण पुन्हा येते. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ज्याने स्वतः धर्म बदलताना घरादाराची ताटातूट सोसली, त्यानेच दार असे उघडे ठेवले.

इथे एका शब्दाचा घोळही सोडवू. शिबिरांच्या इंग्रजी साहित्यात 'कन्व्हर्शन' हा शब्द वारंवार येतो. मराठीत त्याचे भाषांतर लगेच 'धर्मांतर' असे होते आणि वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. पण शिबिरात हा शब्द बहुधा ख्रिस्ती घरात जन्मलेल्या मुलासाठीच वापरलेला असतो. धर्म तोच, पण मनाचा पालट. स्टारबकने अभ्यासली ती मनेही बहुतांशी ख्रिस्ती घरांतल्याच मुलामाणसांची होती. हा फरक लक्षात घेतला तर बरेच गैरसमज कमी होतील. मुले दुसऱ्या धर्माची असतील, तर मात्र प्रश्न वेगळा होतो, आणि आपल्या राज्यघटनेने त्याची दिशा दाखवली आहे. अनुच्छेद २८ (३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. हे कलम शिक्षणसंस्थांपुरते आहे, पण त्यातले तत्त्व कोणत्याही धर्माच्या शिबिराने पाळावे असेच आहे. मावळात कामशेतजवळ निळशीला मुंबईच्या वाय.एम.सी.ए.चे शिबिरस्थळ आहे. संस्थेच्या नावात 'ख्रिस्ती' आहे, पण भारतात तिचे खेळ आणि शिबिरे सगळ्या धर्मांच्या मुलांना खुली असतात. अशा ठिकाणी काय शिकवले जाणार, हे आधी स्वच्छ सांगितलेले असले की कुणाची तक्रार राहत नाही.

संशय किती टोकाला जातो हेही आपण पाहिले आहे. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूर येथे 'जंगल कॅम्प' नावाच्या वार्षिक ख्रिस्ती मेळाव्यासाठी आलेले ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, रात्री गाडीत झोपलेले असताना जमावाने ती गाडी पेटवून दिली. मुले शाळेच्या सुट्टीत वडिलांबरोबर आली होती. त्यांच्या आईने, ग्लॅडिस स्टेन्स यांनी, मारेकऱ्यांना क्षमा केली आणि पुढेही काही वर्षे भारतात राहून कुष्ठरुग्णांची सेवा केली.

अल्पसंख्य घरातल्या मुलाला शिबिर काय देते, हे मी मुसलमान असल्यामुळे थोडेफार समजू शकतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. वसईसारखा पट्टा सोडला तर वर्गात असे मूल एकटेच असते. त्याला आपल्या नावाचा अर्थ सांगावा लागतो, तुम्ही मराठीत बोलता का या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. शिबिरात आठ दिवस त्याला काहीच सांगावे लागत नाही. हा विसावा मोठा असतो. फक्त तो विसावाच राहावा. 'आपण आणि ते' अशी भिंत मनात घेऊन मूल परतले, तर शिबिराने त्याला दिले त्यापेक्षा जास्त काढून घेतले असे होईल. ही गोष्ट साऱ्याच धर्मांच्या शिबिरांना लागू आहे.

शेवटी विश्वासाच्या दुसऱ्या अर्थाकडे वळू. पालक आपले मूल परक्या माणसांच्या स्वाधीन करतात, हाही विश्वासच आहे, आणि तो मोडल्याची उदाहरणे आहेत. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकापासून मोठ्या निवासी शाळांतल्या मुलांसाठी 'यूअर्न' नावाची ख्रिस्ती शिबिरे भरत. तिथून अनेक नामवंत धर्मगुरू तयार झाले. त्या शिबिरांच्या विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष जॉन स्माइथ हा बॅरिस्टर १९७० आणि ८० च्या दशकांत मुलांना आणि तरुणांना 'पापाचे प्रायश्चित्त' म्हणून घरामागच्या खोपटात अमानुष मारत असे. १९८२ मध्येच एका अंतर्गत अहवालातून हे संबंधितांना कळले होते. पोलिसांकडे मात्र कुणी गेले नाही. तो झिंबाब्वेला गेला आणि तिथेही त्याने मुलांची शिबिरे काढली. १९९२ मध्ये तिथे एका सोळा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. २०१८ मध्ये स्माइथ शिक्षा न होताच मेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कीथ मेकिन यांचा चौकशी अहवाल आला. अत्याचार झालेल्यांची संख्या शंभरावर गेली होती. पाचच दिवसांनी कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. संस्थेचे नाव वाचवण्यासाठी मुलांना वाऱ्यावर सोडले, हे त्या साऱ्या प्रकरणाचे सार आहे. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांपासून दडवणे हाच गुन्हा ठरवला आहे. तो धर्मगुरूंनाही लागू आहे.

दुसरे उदाहरण निसर्गाचे. टेक्सासमध्ये ग्वादालूपे नदीकाठी १९२६ पासून 'कॅम्प मिस्टिक' हे मुलींचे ख्रिस्ती शिबिर भरत आले होते. ४ जुलै २०२५ च्या पहाटे नदीला अचानक महापूर आला आणि तिथल्या २७ मुली व गटप्रमुख वाहून गेल्या. त्यांतल्या पुष्कळ आठ-नऊ वर्षांच्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या राज्याने कायदे करून पूररेषेतल्या जागी मुलांच्या झोपण्याच्या खोल्या ठेवायला मनाई केली आणि इशाऱ्याची यंत्रणा व संकटकाळाचा आराखडा सक्तीचा केला. नदीकाठ, धरणाचे पाणी, घाटातला पहिला पाऊस हे सारे आपल्याकडेही आहे. मुलांचे मोबाइल काढून घ्यावेत, पण मग संपर्काचे आणि इशाऱ्याचे साधन मोठ्यांपाशी रात्रभर चालू असले पाहिजे.

म्हणून मुलाला शिबिराला पाठवताना, मग ते कोणत्याही धर्माचे असो, पालकांनी काही गोष्टी न संकोचता विचाराव्यात. मुक्कामाला कोण कोण मोठी माणसे असतील? एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहणार नाही, असा नियम आहे का? मुलींसोबत बायका आहेत का? मुलाला घरी फोन करावासा वाटला तर करता येईल का? दवाखाना किती लांब आहे? जागा पुराच्या पाण्यात येते का? आणि शेवटचा प्रश्न, एखाद्या मुलाला प्रार्थनेत बसायचे नसेल तर तुम्ही काय करता? नीट चालवलेल्या शिबिराला या प्रश्नांचा राग येत नाही. राग आला, तर तेही उत्तरच समजावे.

या काळज्या घेऊनही मुलांना शिबिराला पाठवावे, असेच मी म्हणेन. तेरा वर्षांच्या मुलाला आईबापांखेरीज आणखी एखादे मोठे माणूस लागते, ज्याच्याशी ते मरणाविषयी, देवाविषयी, एकटेपणाविषयी बोलू शकेल. पूर्वी घरात आजोबा, मामा, मावशी असत. आता ती माणसे लांब राहतात. कॉलेजातला एखादा गटप्रमुख रात्री शेकोटीपाशी ते काम करतो, आणि पुष्कळदा फार चांगले करतो. या सुट्टीत शेजारच्या ख्रिस्ती घरातले मूल वळकटी घेऊन निघालेले दिसले, तर 'कुठे चाललास, तिथे काय करता?' एवढे विचारावे, आणि परतल्यावर पुन्हा विचारावे. सांगायला त्याच्याकडे पुष्कळ असते.

(रेडिओवरील भाषण, संपादित)